रात्री बारा ते साडेपाचच्या नोंदी ‘कालच्या’ का दिसतात? क्वेरीतल्या चालू तारीख-वेळेची दुरुस्ती

तक्रार साधारण अशी येते. गाळ्यावरचा मेहताजी पहाटे पाच वाजता ‘आजच्या पावत्या’ उघडतो. पडद्यावर तारीख कालची, बेरीज कालची, आणि आज रात्री दोनला फाडलेल्या पावत्याही त्याच बेरजेत मिसळलेल्या. तो फोन करतो. डेव्हलपर साडेदहाला ऑफिसात पोहोचतो, तीच क्वेरी चालवतो. तारीख आजची येते, आकडे वाढताना दिसतात. ‘आता बरोबर येतंय’ असं लिहून तिकीट बंद होतं. खरं तर तेव्हाही रात्रीच्या पावत्या आजच्या यादीत नसतात, त्या कालच्या हिशोबात जाऊन बसलेल्या असतात. आठवड्याभरात पुन्हा तोच फोन आणि तेच उत्तर.

म्हणून अशा तक्रारीत पहिला प्रश्न ‘काय चुकलं’ हा विचारू नका. ‘किती वाजता पाहिलं’ आणि ‘कुठल्या वेळेची नोंद’ हे विचारा. दोन्ही उत्तरं रात्री बारा आणि पहाटे साडेपाच यांच्यामध्ये पडत असतील तर निदान जवळपास झालंच. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या, म्हणजे जगभर आधार धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेच्या, ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. तोवर आपल्याकडे आजचा दिवस सुरू झालेला असतो आणि सर्व्हरसाठी कालचाच चालू असतो.

मुंबईत हा दोष लवकर उघडा पडतो, कारण इथे त्या साडेपाच तासांत खरोखर धंदा चालतो. वाशीच्या एपीएमसीत भाजीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लागतात, दादरच्या फुलबाजारात आणि ससून डॉकला पहाटेच व्यवहार होतात, दूध आणि वर्तमानपत्रं उजाडण्याआधी निघतात. दहा ते सहाच्या कचेरीत हाच दोष वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. मग एखाद्या ३१ मार्चला लोक रात्री उशिरापर्यंत बसून बिलं करतात आणि १ एप्रिलच्या रात्री दीडची नोंद मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडते. तिथे मात्र ती शोधायला सीए बसलेला असतो.

‘पण आमचा सर्व्हर मुंबईतच आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन २०१६ पासून सुरू आहे. डेटा सेंटर इथे असल्याने उत्तर लवकर येतं, पण घड्याळ त्यामुळे बदलत नाही. आरडीएस या ॲमेझॉनच्याच डेटाबेस सेवेवरचे मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस मुळात यूटीसीवरच सुरू होतात. ॲप कंटेनरमध्ये चालवणाऱ्या डॉकरच्या बहुतेक इमेजेसही तशाच. ॲझ्युअर एसक्यूएल डेटाबेस तर यूटीसीवरच चालतो, तिथे झोन बदलायची सोयच नाही. आणि माझं मत विचाराल तर सर्व्हर यूटीसीवर असणं हेच योग्य आहे. दोष क्वेरीचा आहे: ती ‘आज’ मागते, पण कुणाच्या घड्याळातला आज ते सांगत नाही.

(खालच्या सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत करायच्या.)

आधी घड्याळं समोरासमोर ठेवा

तुमच्या लॅपटॉपवरच्या टूलमधून चाचणी करू नका. ॲप ज्या कनेक्शनने डेटाबेसला जोडलं जातं, त्याच कनेक्शनने, त्याच युजरने चालवा. बहुतेक तपास इथेच चुकतो, कारण टाइम झोन ही सर्व्हरची नव्हे, सत्राची (म्हणजे त्या त्या जोडणीची) गोष्ट असते आणि दोन सत्रांचा झोन वेगळा असू शकतो.

मायएसक्यूएलमध्ये:

सिलेक्ट @@ग्लोबल.टाइम_झोन, @@सेशन.टाइम_झोन, नाऊ(), यूटीसी_टाइमस्टॅम्प();

पोस्टग्रेसमध्ये:

शो टाइमझोन;
सिलेक्ट नाऊ(), करंट_डेट, नाऊ() ॲट टाइम झोन 'यूटीसी';

मायएसक्यूएलच्या उत्तरात ‘सिस्टम’ असा शब्द आला तर त्याचा अर्थ ‘ऑपरेटिंग सिस्टिमचा जो असेल तो’ एवढाच. मग लिनक्सवर टाइमडेटसीटीएल चालवून तोही पाहा.

आता मनगटावरच्या घड्याळाशी ताडून फरक किती येतो ते पाहा. तो फरकच कारण सांगतो. वेळ ५:३० मागे असेल तर रूपांतर कुठेच झालेलं नाही. ५:३० पुढे असेल तर ते दोनदा झालंय: डेटाबेसने भारतीय वेळ दिली आणि ॲपने ती यूटीसी समजून पुन्हा साडेपाच तास वाढवले. ११ तास मागे असेल तर बेरजेच्या जागी वजाबाकी झाली. ३:३० मागे असेल तर पोस्टग्रेसचा एक खास सापळा आहे, तो पुढे सांगतो. आणि फरक दोन-चार मिनिटांचा असेल तर झोनचा संबंधच नाही. मशीनचं घड्याळ सरकलंय, एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) तपासा. भारतात सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी मिळती ठेवावी लागतात. तेव्हा हे काम तसंही करायचंच आहे.

‘कधी बरोबर येतं, कधी चुकतं’ अशी तक्रार असेल तर कनेक्शन पूलकडे, म्हणजे उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या कनेक्शनांच्या साठ्याकडे, वळा. कुणीतरी कोडमध्ये एका ठिकाणी ‘सेट टाइम_झोन’ चालवलेलं असतं. ते त्या एका कनेक्शनपुरतं लागू होतं. पूलमधली बाकीची कनेक्शनं जुन्याच झोनमध्ये राहतात. रिक्वेस्ट कुठल्या कनेक्शनवर जाईल त्यावर उत्तर ठरतं आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते. ही आज्ञा पूलच्या सेटिंगमध्ये, प्रत्येक नवं कनेक्शन उघडताना चालेल अशी ठेवायची. हिकारीसीपी या जावाच्या पूलमध्ये त्यासाठी कनेक्शनइनिटएसक्यूएल आहे.

मायएसक्यूएलच्या सर्व्हरवर इनिट_कनेक्ट नावाचं सेटिंगही असतं, पण ते सुपर किंवा कनेक्शन_ॲडमिन हक्क असलेल्या युजरसाठी चालतच नाही. त्यामुळे ॲपच्या सत्रात झोन एक आणि डेटाबेस सांभाळणारा डीबीए रूट म्हणून शिरून पाहतो तेव्हा दुसरा. दोघेही खरं बोलत असतात आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसत नाही.

मायएसक्यूएल: डेटटाइम आणि टाइमस्टॅम्प

इथली सगळी गुंतागुंत कॉलमच्या प्रकारात आहे. टाइमस्टॅम्प कॉलममध्ये वेळ आत यूटीसीत साठते आणि वाचताना सत्राच्या झोनमध्ये बदलून मिळते. डेटटाइम कॉलममध्ये जे लिहिलं तेच राहतं, रूपांतर काहीही नाही. एकाच टेबलात ‘नोंद_वेळ’ टाइमस्टॅम्प आणि ‘पावती_वेळ’ डेटटाइम असेल, तर सत्राचा झोन बदलताच पहिला कॉलम हलतो आणि दुसरा जागीच राहतो. काल जुळणारे दोन कॉलम आज साडेपाच तासांनी वेगळे दिसतात. टाइमस्टॅम्पची धाव १९ जानेवारी २०३८ पर्यंतच आहे, हेही लक्षात असू द्या. वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते साठवणाऱ्या टेबलाला ती मर्यादा आजच आडवी येते.

म्हणूनच एक कळकळीची सूचना. तक्रार आली की घाईने ‘सेट ग्लोबल टाइम_झोन = '+०५:३०'’ चालवून मोकळे होऊ नका. एक तर उघड्या कनेक्शनांवर त्याचा परिणाम होत नाही, आणि सेट पर्सिस्ट किंवा कॉन्फिग फाइलमध्ये डीफॉल्ट_टाइम_झोन न वापरल्यास सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर ते पुसलं जातं. पण मोठं नुकसान दुसरंच आहे. डेटटाइम कॉलममधल्या जुन्या ओळी यूटीसीतच राहतात आणि नव्या ओळी भारतीय वेळेत पडू लागतात. कुठली ओळ कुठल्या घड्याळाची हे सांगणारी खूण टेबलात कुठेच नसते. बदल नेमका कोणत्या क्षणी लागू झाला हे लिहून ठेवलं नसेल तर तो डेटा नंतर निस्तरणं फार कठीण जातं.

मग करायचं काय? साठवणूक यूटीसीत राहू द्या आणि ‘आज’ची सीमा भारतीय वेळेने काढा. डेटटाइममध्ये यूटीसी असेल तर आजच्या दिवसाची सुरुवात अशी मिळते:

डेट(यूटीसी_टाइमस्टॅम्प() + इंटरव्हल ३३० मिनिट) - इंटरव्हल ३३० मिनिट

आधी ३३० मिनिटं पुढे जाऊन भारतीय वेळ गाठली, डेट() ने तास-मिनिटं काढून टाकून भारतीय मध्यरात्र मिळवली, मग तेवढीच मिनिटं मागे येऊन ती मध्यरात्र पुन्हा यूटीसीत आणली. आपल्याकडे उन्हाळी वेळेचा खेळ नसल्याने ३३० हा आकडा चालून जातो. दुबई किंवा लंडनच्या शाखेलाही हाच रिपोर्ट द्यायचा असेल तर झोनचं नाव वापरावं लागेल. आणि तिथे कन्व्हर्ट_टीझेड() थेट नल देऊन बसेल, कारण नावांची टेबलं बऱ्याचदा भरलेलीच नसतात. ती मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल या टूलने भरावी लागतात. '+०५:३०' असा आकडा मात्र टेबलांशिवायही चालतो.

अजून एक छोटी खोच: नाऊ() मधून सरळ आकडा वजा करू नका. ‘नाऊ() - ६०’ लिहिलं की मायएसक्यूएल वेळेचा एक लांबलचक पूर्णांक करतो आणि त्यातून ६० वजा करतो. त्याचा मिनिटाशी काही संबंध राहत नाही, एररही येत नाही. ‘नाऊ() - इंटरव्हल १ मिनिट’ असंच लिहा.

पोस्टग्रेस: झोनच्या नावातले सापळे

टाइमस्टॅम्पटीझेड हा कॉलमचा प्रकार वापरत असाल तर साठवणूक आपोआप नीट आहे. तो क्षण साठवतो आणि दाखवताना सत्राच्या झोनमध्ये बदलतो. पण करंट_डेट सत्राच्या झोनवरच अवलंबून असतं, त्यामुळे रात्रीची तक्रार इथेही येते.

यात जेडीबीसीचा, म्हणजे जावातून डेटाबेसला जोडणाऱ्या व्यवस्थेचा, एक प्रकार माहीत हवा. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर जोडणी करतानाच जावाचा स्वतःचा झोन सत्राला लावतो. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर जावा भारतीय वेळेत असतं, म्हणून करंट_डेट बरोबर येतं. तेच ॲप कंटेनरमध्ये गेलं की जावा यूटीसीत, आणि करंट_डेट कालचं. कोड तोच, डेटाबेस तोच, तरी उत्तर वेगळं. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

झोन सांगताना 'एशिया/कोलकाता' हेच नाव द्या. 'एशिया/मुंबई' टाकून एरर खाणारे पुष्कळ भेटतात. ते नाव यादीत नाही. जगभरच्या झोनची ही यादी १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांना एकाच नावाखाली धरते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढची आपली वेगळी वेळ पुढे कित्येक दशकं टिकवली होती. पण तो इतिहास १९७० च्या आधीच संपला, म्हणून आपल्या शहराला यादीत वेगळी जागा मिळाली नाही.

'आयएसटी' हे लघुरूप तर चुकूनही वापरू नका. पोस्टग्रेसच्या मूळ लघुरूपांच्या यादीत त्याचा अर्थ इस्रायलची प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसीच्या २ तास पुढे. सत्र यूटीसीवर असताना ‘नाऊ() ॲट टाइम झोन 'आयएसटी'’ लिहिलं तर वेळ आपल्या घड्याळाच्या ३:३० मागे येते. वर सांगितलेला तो साडेतीन तासांचा फरक हाच. एरर येत नाही, वेळही दिसायला खरीखुरी असते, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही.

'यूटीसी+५:३०' असं लिहिणंही तितकंच घातक. अशा लिखाणाला पोस्टग्रेस पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाची रीत लावतो आणि त्या रीतीत अधिकचं चिन्ह ग्रिनिचच्या पश्चिमेसाठी असतं. आपण मागितली भारताची वेळ, मिळाली अटलांटिकच्या पलीकडची, म्हणजे ११ तास मागे.

आजच्या दिवसाची सुरुवात इथे अशी काढायची:

डेट_ट्रंक('डे', नाऊ() ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता') ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता'

झोन दोनदा का, असं नवीन माणूस नेहमी विचारतो आणि एक काढून टाकतो. पहिल्याने क्षणाचं भारतीय भिंतीवरच्या घड्याळात रूपांतर होतं, त्यावर दिवस छाटला जातो. दुसऱ्याने ती भारतीय मध्यरात्र पुन्हा क्षणात बदलते, म्हणजे कॉलमशी तुलना करता येते. एक काढलंत तर साडेपाच तास परत येतात. सगळं ॲपच भारतीय वेळेत चालवायचं ठरलं असेल तर ‘ऑल्टर रोल ॲप_युजर सेट टाइमझोन = 'एशिया/कोलकाता'’ हा सोपा मार्ग आहे. फक्त तो नव्या सत्रांनाच लागतो, आणि वरच्या जावा ड्रायव्हरसारखा एखादा ड्रायव्हर त्यावरही आपला झोन चढवू शकतो.

ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट

ओरॅकलमध्ये सिसडेट म्हणजे डेटाबेस ज्या मशीनवर आहे तिथल्या ऑपरेटिंग सिस्टिमची वेळ, आणि करंट_डेट म्हणजे तुमच्या सत्राच्या झोनची. दोन्ही एकाच क्वेरीत मिसळणारा कोड सर्रास सापडतो. डीबीटाइमझोन, म्हणजे डेटाबेसचा स्वतःचा झोन, बदलून सिसडेट सुधारेल ही आशा डीफॉल्ट सेटिंगमध्ये फोल ठरते. उलट गंमत अशी की त्याच मशीनवर थेट जोडणी केली तर सिसडेट एक येतं आणि नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या घेणाऱ्या लिसनरमार्फत आलात तर दुसरं, असंही घडतं. लिसनर सुरू करताना टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वेगळं असेल तर त्याने सुरू केलेल्या सत्रांना तेच मिळतं. असं दिसलं तर टीझेड नीट लावून लिसनर पुन्हा सुरू करा.

ओरॅकलचा दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘तारीख = सिसडेट’ लिहिलं की एकही ओळ येत नाही. ओरॅकलच्या डेट प्रकारात सेकंदापर्यंतची वेळ दडलेली असते, फक्त नेहमीच्या मांडणीत ती दिसत नाही. ट्रंक(सिसडेट) पासून ट्रंक(सिसडेट) + १ च्या आतपर्यंत, अशी अट घाला. इथे १ म्हणजे एक दिवस.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये गेटडेट() मशीनची वेळ देतं. २०१६ च्या आवृत्तीपासून ‘सिसडेटटाइमऑफसेट() ॲट टाइम झोन 'इंडिया स्टँडर्ड टाइम'’ लिहिता येतं. इथे झोनची नावं विंडोजची चालतात, 'एशिया/कोलकाता' नाही.

एसक्यूलाइटमध्ये डेट('नाऊ') आणि करंट_टाइमस्टॅम्प दोन्ही यूटीसीतच असतात. मोबाइल ॲपमध्ये डेट('नाऊ', 'लोकलटाइम') लिहिलंत की फोनच्या झोनमधली तारीख मिळते.

‘आत्ता’ नेमका कधीचा?

झोन नीट केल्यावरही एक तक्रार उरते: ‘शंभर नोंदी घातल्या, सगळ्यांवर एकच वेळ आली.’ बहुतेक वेळा हा दोष नसतोच. पोस्टग्रेसमध्ये नाऊ() आणि करंट_टाइमस्टॅम्प ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याचा क्षण देतात आणि ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत तोच देत राहतात. मुद्दाम तसं केलंय. एका व्यवहारातल्या सगळ्या नोंदींवर एकच वेळ असली की हिशोब जुळतो. एसक्यूएलचं एक वाक्य सुरू झाल्याची वेळ हवी असेल तर स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प(), आणि धावतं घड्याळ हवं असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प(). एखादा जॉब किती वेळ चालला हे मोजायला नाऊ() वापरलं की फरक शून्य येतो, त्याचं कारण हेच.

मायएसक्यूएलचा नाऊ() वाक्याच्या सुरुवातीला थांबतो. सिसडेट() मात्र प्रत्यक्ष त्या घडीची वेळ देतो. ‘सिलेक्ट नाऊ(), स्लीप(२), नाऊ(), सिसडेट()’ चालवून पाहा: दोन्ही नाऊ() सारखे, सिसडेट() दोन सेकंद पुढे. ओरॅकलवरून आलेली मंडळी सवयीने सिसडेट() लिहितात. वाक्यांवर आधारित रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर तीच वाक्यं चालवून प्रत ठेवणं) असेल तर ते धोक्याचं आहे, कारण रेप्लिकावर ते वाक्य उशिरा चालतं आणि तिथली वेळ वेगळी पडते. नाऊ() साठी मूळ सर्व्हरची वेळ सोबत पाठवली जाते.

दिवसाची अट कशी लिहावी

‘डेट(पावती_वेळ) = करडेट()’ ही अट वाचायला गोड, पण कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळल्यामुळे त्यावरचा साधा इंडेक्स कामी येत नाही आणि मोठ्या टेबलावर पूर्ण स्कॅन होतो. सुरुवात ‘मोठी किंवा समान’ आणि शेवट पुढच्या मध्यरात्रीपेक्षा ‘लहान’ अशी जोडी वापरा.

बिट्वीन वापरून शेवट २३:५९:५९ लिहिण्याची सवय सोडा. त्या शेवटच्या सेकंदाच्या आतल्या नोंदी गळतात. मग कुणी हुशारीने २३:५९:५९.९९९ लिहितो. एसक्यूएल सर्व्हरच्या डेटटाइम प्रकारात मिलिसेकंद ०, ३ किंवा ७ वरच थांबतात, त्यामुळे .९९९ चं गोल होऊन दुसऱ्या दिवसाची मध्यरात्र होते आणि उद्याची पहिली नोंद आजमध्ये शिरते.

तासवार तक्त्यात आपल्या अर्ध्या तासाचा खास त्रास आहे. यूटीसीत तास छाटून नंतर ५:३० मिळवले तर पट्ट्या ९:३० ते १०:३०, १०:३० ते ११:३० अशा पडतात. बाजारातला माणूस ‘चार ते पाचची आवक’ विचारतो आणि तक्त्यात तो तासच नसतो. पूर्ण तासाच्या फरकाच्या देशांत लिहिलेली डॅशबोर्ड टूलं हे ध्यानातच घेत नाहीत. आधी भारतीय वेळेत रूपांतर, मग छाटणी, हा क्रम कधी उलटू देऊ नका.

आणि हे सगळं बरोबर झाल्यावरही एखादा आडत्या म्हणेल, ‘साहेब, अजून चुकतंय.’ त्याचं ऐका. त्याचा दिवस रात्री बाराला बदलत नाही. रात्री दहाला गाड्या लागायला लागल्या की दुसऱ्या दिवसाचा बाजार सुरू झाला आणि सकाळी विक्रीच्या पट्ट्या फाडून झाल्या की संपला. हॉटेलांतही रात्रीचा हिशोब बंद होईपर्यंत कालचाच दिवस चालू असतो. अशा ठिकाणी डेटाबेसचा कुठलाही फंक्शन पुरणार नाही. ‘व्यवहार_दिनांक’ असा वेगळा कॉलम ठेवा, तो कधी बदलायचा हे धंद्याच्या माणसाला विचारून ठरवा, आणि नोंदीची खरी वेळ शेजारी यूटीसीत राहू द्या.

दुपारी बसून पहाटेची चाचणी

ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, कारण दुरुस्ती ऑफिसच्या वेळेत तपासली जाते आणि त्या वेळेत ती चूक दिसतच नाही. मायएसक्यूएलमध्ये सत्रापुरतं घड्याळ हलवता येतं:

सेट टाइमस्टॅम्प = युनिक्स_टाइमस्टॅम्प('२०२५-०३-३१ २०:००:००');

सत्र यूटीसीवर असेल तर हा क्षण म्हणजे आपल्याकडे १ एप्रिलची रात्र, दीड वाजलेला. यानंतर नाऊ(), करडेट() आणि यूटीसी_टाइमस्टॅम्प() सगळे त्याच क्षणाची वेळ देतील. सिसडेट() ऐकणार नाही, आणि त्यामुळे कोडमध्ये कुठे तो उरलाय हेही कळेल. काम झालं की ‘सेट टाइमस्टॅम्प = डीफॉल्ट’.

पोस्टग्रेसमध्ये अशी सोय नाही. तिथे ‘आत्ता’ची वेळ क्वेरीत थेट न लिहिता पॅरामीटर म्हणून पाठवा. मग चाचणीत हवी ती वेळ देता येते आणि एकाच रिपोर्टमधल्या पाच क्वेरींना एकच ‘आत्ता’ मिळतो. चाचणीत निदान एवढे क्षण तरी घ्या, सगळे भारतीय वेळेत: रात्री ११:५९, बरोबर बारा, पहाटे ५:२९, ५:३०, महिन्याची पहिली रात्र आणि १ एप्रिलची रात्र. प्रत्येक क्षणी एक नोंद घालून ‘आज’, ‘या महिन्यात’ आणि ‘या आर्थिक वर्षात’ हे तिन्ही रिपोर्ट काढा. ५:२९ आणि ५:३० ची नोंद एकाच दिवसात पडली आणि ११:५९ ची आदल्या दिवशी राहिली, तर तिकीट बंद करायला हरकत नाही.